आजींना फोन द्या

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

ऑनलाइन ओपीडी तुझ्या गळ्यात पडली म्हणतोस. आम्हाला तर हे कुणी शिकवलंच नव्हतं. टेलिमेडिसिनची नियमावली निघाली तीच २५ मार्च २०२० ला, लॉकडाऊनच्या पहिल्या दिवशी. दवाखान्याचं शटर अर्धं खाली आणि मोबाइल कायम चार्जरला.

त्या सप्टेंबरात एका मुलाचा फोन आला. "आईला जरा खोकला आहे, बाकी काही नाही." औषध सांगून ठेवणारच होतो, तेवढ्यात काय वाटलं कुणास ठाऊक, म्हटलं, आजींना द्या फोन. "मी... बरी आहे... डॉक्टर." एवढ्याशा वाक्यात बाई दोनदा थांबल्या. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या सर्व्हेसाठी आशाताई त्याच गल्लीत होत्या. त्यांना ऑक्सिमीटर लावायला सांगितलं. ८६. हात गार आहेत का, नखाला रंग लावलाय का, सगळं विचारून पुन्हा लावला. ८६च. संध्याकाळच्या आत आजी ऑक्सिजनवर होत्या.

म्हणून मधला माणूस कितीही शहाणा असो, पेशंटचा आवाज ऐकल्याशिवाय फोन ठेवू नकोस. आणि स्पीकर बंद करायला सांग. घरभर ऐकू जात असेल तर सुनाबाळा अंगावरून जातंय हे सांगतील होय?

माझी फजितीही ऐक. ट्यूबलाइटखाली काढलेला पाठीचा फोटो बघून मी ॲलर्जीची गोळी दिली. तीन दिवसांनी गृहस्थ वेदनेने कळवळत दारात हजर. नागीण होती! जळजळतंय का, एकाच बाजूला आहे का, एवढं विचारलं असतं तरी कळलं असतं. तेव्हापासून फोटो अंगणात, उन्हात काढायला लावतो. तरीही शंका उरली तर सरळ "या" म्हणतो.

"हात न लावता कसलं तपासणं?" असं लोक म्हणायचे, तेव्हा मला राग यायचा. आता येत नाही. छातीला नळी लागली की निम्मं दुखणं तिथंच उतरतं, ते फोनवर कुठून आणणार? निदान घाई तरी करू नये. "पांढरी गोळी बंद करा" असं कधी म्हणू नकोस, घरात पांढऱ्या गोळ्या तीन प्रकारच्या असतात. स्ट्रिपवरचं नाव वाचून दाखवायला सांग. शेड्यूल एक्समधली, म्हणजे कायद्याने कडक बंधनात ठेवलेली, औषधं मात्र फोनवर नाहीत म्हणजे नाहीत, समोरचा कितीही गयावया करो.

फीचं काय, विचारतोस. ते मला विचारू नकोस. त्या वर्षीची माझी वही अजून कोरी आहे.

तुझा,
सर