मालगाडीच्या तोंडाला ॲल्को? आधी एवढं कर

मित्रा, कोकण रेल्वेवर मालगाडीच्या पुढे डब्ल्यूडीजी-३ए हे डिझेल इंजिन दिसलं म्हणजे फोटोसाठी उडी मारावीशी वाटणारच. २०२२ मध्ये सगळा मार्ग विजेवर गेला, त्यामुळे ३१०० अश्वशक्तीचं ते ॲल्को (अमेरिकन ॲल्को कंपनीच्या रचनेवरचं इंजिन) आता पाहुण्यासारखं येतं.

सुरुवातीला इतकंच सांभाळ:

- रुळांत उतरू नकोस. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुलावर उभा असशील तर खाली २५ हजार व्होल्टची तार आहे, सेल्फी स्टिक बॅगेतच राहू दे.
- ऊन पाठीशी घे. इंजिनामागे सूर्य असला की काळा ठोकळाच मिळतो.
- शटर १/१००० सेकंदावर ठेव. बाकी सेटिंग्ज पुढच्या महिन्यात बघू.

नवशिक्यांची ठरलेली चूक म्हणजे झूम करून नुसतं इंजिन पकडणं. अरे, मालगाडी आहे ती! वळणावर उभा राहा, मागे वाघिणींची (मालडब्यांची) रांग दिसू दे.

दुसरी चूक माझीच. चढावर ड्रायव्हरने नॉच (इंजिनाच्या ताकदीची पायरी) वाढवला, काळ्या धुराचा लोट उठला, ती ॲल्कोची धडधड छातीत जाणवली, आणि मी मात्र आधीचा फोटो स्क्रीनवर तपासत होतो. मान वर केली तेव्हा समोर शेवटचा ब्रेकव्हॅन, म्हणजे गार्डचा डबा.

मालगाडीला वेळापत्रक नसतं, तेव्हा पाणी आणि टोपी घेऊन जा. लोको पायलटला हात कर, बरेचदा हॉर्न मिळतो. फ्लॅश मात्र कधीच नको.