वाचल्याशिवाय सही नाही

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

रात्री अडीचला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. ‘मावशी, मी स्लो आहे का?’ अगं, स्लो कसली? सोलर प्रकल्पासाठी बीडकडच्या जमिनीच्या गटांचा टायटल रिपोर्ट, म्हणजे मालकी तपासल्याचा अहवाल, तुझ्याकडे आहे, उर्दू मुन्तखबाचा (निजामकाळच्या इनामाच्या दाखल्याचा) तर्जुमा अजून आलेला नाही, आणि तुझ्या मुंबईच्या लॉ फर्ममधून वरून निरोप येतोय की जुन्या सर्च रिपोर्टवरून उतरवून सकाळपर्यंत सोडून दे. तू कचरतेस ते बरोबरच आहे.

आपल्या मराठवाड्यातली जमीन नुसत्या सातबाऱ्यावरून कळत नाही. 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक, म्हणजे जमीन कुणाकडे होती त्याची जुनी नोंद, काढावं लागतं, फेरफार एकेक करत मागे जावं लागतं, हैदराबाद कुळ कायद्याच्या कलम 38-ई खाली कुणा कुळाला मालकी गेली का ते बघावं लागतं. इनाम असेल तर मदतमाश (निर्वाहासाठी दिलेलं) की खिदमतमाश (सेवेसाठी दिलेलं), हे मुन्तखब सांगतो. देवस्थानची खिदमतमाश निघाली तर सगळा खरेदी व्यवहारच अडचणीत. लोअर परळला हे कुणाला माहीत नसेल, पण तू अंबाजोगाईची आहेस, तुला माहीत आहे. मग वाचल्याशिवाय सही करायची नाही.

‘पगार देतात, ऐकावं लागतं’ असं लिहिलंस. तो पगार नाही. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, म्हणून तुला रिटेनर म्हणून, म्हणजे ठरलेल्या फीवर, घेतलंय. दहा टक्के टीडीएस कापून फी जमा होते. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. हा फायदा फर्म पुरेपूर घेते. मग त्याची दुसरी बाजू तू का सोडतेस? तू नोकर नाहीस, वकिलीची सनद तुझ्या नावावर आहे. सहा-सहा मिनिटांचं टाइमशीट त्यांना दे, तुझी सही फुकट देऊ नकोस.

मी एका बँकेच्या वकिलांच्या पॅनलवर होते. मॅनेजरला शुक्रवारी सर्च रिपोर्ट हवा होता आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून खासऱ्याची नक्कल मिळाली नव्हती. तिथला कारकून दप्तराचा रुमाल सोडायचा, कसरीने खाल्लेली पानं हलक्या हाताने उलटायचा, आणि ‘उद्या या, मॅडम’ म्हणायचा. मी रिपोर्ट दिला नाही. दुसऱ्या वकिलाने त्याच दिवशी दिला. पॅनल गेलं. पुढे नक्कल मिळाली, तर टायटल अगदी स्वच्छ होतं! बाररूममध्ये अजून कुणीतरी म्हणतंच, काय मिळवलंत? मुलाला पुण्याला शिकायला ठेवता आलं नाही, ती खंत आहे, आणि ती जाणार नाही. पण टायटल स्वच्छ आहे हे मला त्या शुक्रवारी माहीत नव्हतं. मी वाचलेलं नव्हतं, म्हणून सही केली नाही. आजही करणार नाही.

‘परत येते’ म्हणतेस. ये, माझ्या ऑफिसात टेबल आहे. पण इकडे सुटका आहे असं समजू नकोस. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात 20,000, ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावं असं सुचवलं. नुसतं सुचवलं. आमच्याकडे तेवढे देणारे सीनिअर शोधावे लागतात. आणि न वाचता सही मागणारे इथेही आहेत, मॅनेजरपासून बिल्डरपर्यंत. त्या एका कारणासाठी गाव बदलू नकोस.

आज एवढंच कर. रिपोर्टमध्ये वेगळा परिच्छेद घाल: कोणते गट तपासले, कोणत्या गटांचा मुन्तखब आणि खासरा पाहायचा बाकी आहे. तोंडी सांगू नकोस, पार्टनरला ईमेल कर. त्यांना तो परिच्छेद काढायचा असेल तर त्यांनी तसं लिहून सांगावं आणि स्वतःच्या सहीने रिपोर्ट पाठवावा. ओरडतील. ओरडू देत. कागद मला मात्र पाठवू नकोस, ते क्लायंटचे आहेत. तर्जुम्याला माणूस हवा असेल तर जुनं उर्दू वाचणारे एक निवृत्त शिरस्तेदार माझ्या ओळखीचे आहेत. पार्टनरची परवानगी घे, मी नंबर देते.

आणि जेवत जा गं वेळेवर. आईला सांगितलं नाहीये मी काही.

तुझी,
मावशी