उत्तर: "कॉलऱ्याची लस कंपल्सरी नाही" म्हणजे नेमकं काय

गुहागरहून लुआंडाला (अंगोलाची राजधानी) गोदामात सुपरवायझर म्हणून निघालात, महिन्याभरावर फ्लाइट आहे आणि एजंट म्हणतो, "कॉलऱ्याची लस कंपल्सरी नाही, सोडून द्या." तुमचा हा प्रश्न वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना. मी देवगडचा, नायजेरियात नोकरी केली. हेच वाक्य मलाही ऐकवलं होतं. (मी डॉक्टर नाही. औषधांचं डॉक्टरांनाच विचारा.)

हात धुणं, पाणी उकळणं हे घरी शिकलाच असाल, ते सोडतो.

एजंट खोटं बोलत नाहीये. कॉलऱ्याच्या लशीचा दाखला मागायची अट १९७३ सालीच आंतरराष्ट्रीय नियमांतून गेली. विमानतळावर कोणी विचारणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण मुंबईच्या ज्या लसीकरण केंद्रावर मी रात्रीच्या गाडीने पोचलो, तिथेही तेवढंच उत्तर. यलो फीवरची सुई टोचली, त्या लशीचा दाखला म्हणजे पिवळं कार्ड हातात दिलं. कॉलऱ्याचं विचारलं तर "त्याचा शिक्का लागत नाही." मिळेल कुठे? "चौकशी करा." दुसरीकडे गेलो तर तिथे आधीच्या केंद्राची चिठ्ठी हवी. चिठ्ठीसाठी परत आलो तर आज तो वार नाही. मी विचारतोय आजारी पडेन का, आणि खिडकीमागचे साहेब सांगतायत शिक्का लागतो का! मुंबईकराला ही एक लोकलची फेरी. आपल्याला रजा, रात्रीचा प्रवास आणि वर नातेवाईकांकडे मुक्काम. तोंडावाटे घ्यायच्या बहुतेक लशींचे दोन डोस, मध्ये आठवडा-दोन आठवडे अंतर, आणि नंतर असर यायलाही काही दिवस. या फेऱ्यांत तेवढे दिवसच उरले नाहीत. लशीविनाच गेलो. नायजेरियात २०२१ मध्ये एक लाखाहून जास्त संशयित रुग्ण आणि साडेतीन हजारांवर मृत्यू झाले, म्हणजे विषय शिक्क्यापुरता नव्हताच.

तेव्हा उद्याच एखाद्या प्रवास-लसीकरणाच्या डॉक्टरांना फोन करा, लस हातात आहे का ते विचारूनच गाडी पकडा. दिवस कमी पडले तर एका डोसाचंही विचारा. तुटवड्यामुळे २०२२ पासून साथीच्या ठिकाणी एकच डोस देतात, आणि त्यानेही काही काळ संरक्षण मिळतं. यलो फीवरचं कार्ड मात्र टोचल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य धरतात, ते आधी उरका.

आता पाणी. गावात जलसुरक्षक विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो म्हणून आपण निर्धास्त असतो. तिकडे टँकरचं पाणी कुठून भरलं ते टँकरवाल्यालाही माहीत नसतं. पाणी गढूळ असेल तर आधी वस्त्रगाळ करा. आजीचं खूळ नव्हे ते: कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून राहतात, आणि बांगलादेशात जुन्या साडीची चौपदरी घडी करून पाणी गाळल्यावर रुग्ण जवळपास निम्म्याने घटले होते. पण गाळून थांबायचं नाही, उकळायचं किंवा क्लोरीन टाकायचं. बर्फाने जंतू मरत नाहीत, त्यामुळे "थंड आहे, चालेल" हे विसरा.

खाडीकाठच्या माणसाला जड जाईल, पण तिकडची कालवं आणि तिसऱ्या (शिंपले) नीट शिजलेल्या नसतील तर हात लावू नका. मचूळ पाण्यात हे जंतू मुक्कामालाच असतात. आणि रोज ॲसिडिटीची गोळी घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. पोटातलं आम्ल कमी झालं की कमी जंतूंनीही आजार होतो. सोलकढीने ती भरपाई होत नाही, आमच्या मेसमध्ये यावर रोज वाद व्हायचा.

ओआरएसची पाकिटं इथूनच न्या, एका पाकिटाला मोजून एक लिटर पाणी (पाकिटावर तसं छापलेलं बघा, छोटीही मिळतात). भाताच्या पेजेसारखे पांढुरके जुलाब सुरू झाले तर सकाळची वाट बघू नका. जोराच्या कॉलऱ्यात तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. पहिल्या जुलाबापासून ओआरएस पीत राहा आणि पीतपीतच दवाखाना गाठा. जुलाब बांधायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने नकोत. वेळेत पाणी भरून काढलं तर शंभरात एखादाच दगावतो.

हे सगळं परतीलाही लागू आहे. गणपतीला घरी आलात आणि पहिल्या पाच दिवसांत जुलाब लागले, तर डॉक्टरांना आधी सांगा कुठून आलात ते. नाहीतर मोदक बाधले म्हणून गोळी देऊन घरी पाठवतील.