सोलापुरात राहतो, घरी माग नाही. नुसते नियम ठरवून धाग्यांच्या वेणीत नक्षी काढता येईल का?

येईल की! जाड पुठ्ठ्याची गोल चकती कापा, मधे भोक, कडेला सारख्या अंतरावर 8 खाचा. 7 धाग्यांची टोकं एकत्र गाठ मारून भोकातून खाली सोडा, प्रत्येक धागा एका खाचेत. आठवी खाच रिकामी. नियम एकच: रिकाम्या खाचेपासून उजवीकडे तिसरा धागा उचला, रिकाम्या खाचेत घाला. नवी रिकामी खाच तयार होते, पुन्हा तेच. खाली गोल वेणी उतरत जाते.

आता नियम बिघडवून पाहा, खरी गंमत तिथे आहे. तिसऱ्याऐवजी दुसरा उचलला तर रिकामी जागा एकाआड एक चारच खाचांत फिरते. चार धागे जागचे हलत नाहीत. चौथा उचलला तर एकच धागा येरझाऱ्या घालतो, वेणी होतच नाही. पाचवा उचलला तर तिसऱ्याचीच आरशातली प्रतिमा. नियम तोच ठेवून रंगांचा क्रम बदललात तरी नक्षी बदलते.

सूत पूर्व भागातल्या यंत्रमागवाल्याकडे उरलंसुरलं मिळतं का विचारा. तिथे जॅकार्ड (मागावर नक्षी विणायचं यंत्र) चालू असेल तर तेही बघा: कार्डावरची भोकं ताण्याचे, म्हणजे उभे, कोणते धागे उचलायचे ते ठरवतात. म्हणजे चादरीवरचा मोरही नियमानेच उमटतो.