वय 21, हातात आजोबांची 1969 ची फियाट. फुल इन्शुरन्स मिळेल का?

भावा, मिळतो. तू विचारलंयस की 25 च्या आतल्या पोराला हौसेच्या जुन्या गाडीचा विमा कुणी देत नाही हे खरं का, आणि तुझ्या फियाट 1100 ला कोल्हापुरात कुठली पॉलिसी निघेल. तू वाचलंस ते अमेरिकेतलं आहे. तिथं असल्या गाड्यांचा विमा हा वेगळाच धंदा आहे. गाडीची किंमत आधीच ठरवून घेतात. बदल्यात घरात रोजच्या वापराची दुसरी गाडी पाहिजे, बंद गॅरेज पाहिजे, फिरणं कमी पाहिजे आणि चालवणारा शक्यतो पंचविशी ओलांडलेला पाहिजे. आपल्याकडे प्रीमियम ठरत आला तो गाडीचे सीसी, गाडीचं वय आणि झोन बघून. पुण्या-मुंबईसारखी आठ मोठी शहरं ए झोनमध्ये, आपण बी मध्ये. चालवणाऱ्याचं वय त्या कोष्टकात नाहीच.

कोष्टकात नसलं तरी काउंटरवर असतं. ते मी भोगलंय, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

माझ्याकडे 1976 ची प्रीमियर पद्मिनी आहे. तुझ्या 1100 चंच 1089 सीसीचं इंजिन, स्टेअरिंगलाच गिअर. आजोबांची शाहू मार्केट यार्डात गुळाची अडत होती, तेव्हापासूनची गाडी. 2018 ला ती माझ्या नावावर झाली आणि मी फुल इन्शुरन्स, म्हणजे पॅकेज पॉलिसी (ती आपल्या गाडीचंही नुकसान भरते, थर्ड पार्टी फक्त दुसऱ्याचं), काढायला एका कंपनीच्या शाखेत गेलो. कंपनीचं नाव सांगत नाही. काउंटरवरच्या साहेबांनी आरसी बुक बघितलं, मग मला बघितलं. "वय किती तुमचं?" म्हटलं 22. "असल्या गाड्या पोरं उडवायला घेतात. पॅकेज पॉलिसी नाही देत आम्ही, थर्ड पार्टी घ्या." 1976 ची पद्मिनी उडवायची! मी म्हटलं, वयाची अट कुठं लिहिलीय ते दाखवा. दाखवली नाही. म्हटलं, मग नकार तरी लेखी द्या. तोही दिला नाही.

घरी आलो तर थोरले काका ओट्यावर बसलेले. त्यांचा न्याय ठरलेला. "अरं, भंगाराला कुठं फुल इन्शुरन्स असतोय व्हय रं? थर्ड पार्टी मार आणि गप बस की." हा वाद आमच्यात आजही संपलेला नाही. तुझ्याही घरात कुणीतरी हेच म्हणणार, म्हणून काकांचा मुद्दा नीट खोडून दाखवतो. तुला उपयोगी पडेल.

गाडी 5 वर्षांच्या आतली असेल तर आयडीव्हीचा, म्हणजे विम्यात धरायच्या किमतीचा, तक्ता ठरलेला असतो. 5 व्या वर्षी 50 टक्के घसारा धरून तो तक्ता संपतो. त्यापुढच्या गाड्या आणि बंद पडलेली मॉडेल्स यांची आयडीव्ही कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. म्हणजे तुझ्या फियाटचा आकडा कुठल्याही पुस्तकात नाही, तो बोलून ठरवायचा आहे. एजंट लोक काय करतात, प्रीमियम कमी दिसावा म्हणून वीस-तीस हजार लिहून मोकळे होतात आणि गिऱ्हाईक खूश. काका त्याच गिऱ्हाइकांतले.

त्यात गोम अशी की दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी 'टोटल लॉस' धरली जाते. 30 हजारांची आयडीव्ही असेल तर साडेबावीस हजारांवर गाडी खलास. आजच्या भावात एका बाजूचं डेंटिंग-पेंटिंग आणि थोडं इंजिनाचं काम निघालं की तेवढे होतात. मग चांगली दुरुस्त होणारी गाडी कंपनी हिशेबात भंगार ठरवते आणि तीस हजार तुझ्या हातावर ठेवते. प्रीमियममध्ये हजारभर वाचवायचे आणि गाडी घालवायची, ही कसली काटकसर?

मी दुसऱ्या कंपनीकडे गेलो. फाइल घेऊन गेलो, नुसतं आरसी घेऊन नाही. गाडीचे चारही बाजूंचे, इंजिनाचे, डॅशबोर्डचे फोटो, आधीच्या कामांची बिलं, तसल्याच पद्मिनी काय भावानं विकायला लागल्यात त्याच्या जाहिराती आणि व्हॅल्युअरचा, म्हणजे गाडीची किंमत काढून देणाऱ्याचा, रिपोर्ट. त्यांचा माणूस गाडी बघायला घरी आला. वयानं मोठा, खिशात पेन्सिल. आल्या आल्या त्यानं मॅट उचलून तळाचा पत्रा अंगठ्यानं दाबून बघितला, गंज कुठं लपवलाय का म्हणून. दारं उघडझाप केली, वायपर फिरवून बघितले, हॉर्न वाजवला. बॉनेट उघडून चेसिस नंबरवर कागद धरला आणि वरून पेन्सिल घासून छाप घेतला. मग थंड इंजिन चालू करायला सांगितलं. चोक ओढून मी सेल मारला, लागली. वय त्यानंही विचारलं, पण लायसन्स कधीचं आहे एवढंच बघून सोडून दिलं. त्याचा आकडा 60 हजार होता, माझा अडीच लाख. शेवटी 1 लाख 80 हजारांवर तुटलं. प्रीमियमची पावती बघून काका म्हणाले, "एवढ्यात चांगली सेकंडहँड सायकल आली असती." येऊ दे की.

पुढं 2019 चा ऑगस्ट. आपल्याकडच्याला तो वेगळा सांगायला नको. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, त्या वर्षी पाणी 55 फुटांवर गेलं. आमचं घर शाहूपुरीत, गाडी तळमजल्यावर. माणसं आणि गॅस सिलिंडर वर चढवले, गाडी कुठं चढवणार? पाणी ओसरलं तेव्हा सीटच्या वर चिखलाची रेघ आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये गाळ.

काका खाली उतरले ते थेट किल्ली घेऊन. "एक सेल मारून बघू, लागतीय का." मी आडवा पडलो. अक्षरशः बॅटरीची टर्मिनल काढून खिशात घातली. पाणी शिरलेल्या इंजिनाला सेल मारला तर सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि ते नुकसान पुरानं झालं नाही, तुम्ही चालू करून केलं, असं म्हणून कंपनी त्याचा क्लेम नाकारते. पूर पॉलिसीत असतो, नंतरचा आपला उपद्व्याप नसतो. काका तेव्हा जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मी चिखलाच्या रेघेसकट फोटो काढले, कंपनीला फोन करून क्लेम नंबर घेतला आणि नुकसान मोजणारा सर्व्हेयर बघून गेल्यावर गाडी टोचन करून उद्यमनगरात नेली. ब्लॉक उघडला, बोअर, पिस्टन रिंगा, बेअरिंगं, सगळं वायरिंग, ब्रेक, खालचा पत्रा, रंग. आमचा मिस्त्री देवमाणूस, पण बिल म्हटलं की "कच्चं चालतंय की." चालत नाही. पार्ट कंपनीचे मिळत नाहीत, निम्मे लेथवर बनवून घेतलेले, त्यात बिल कच्चं, मग सर्व्हेयर काय मंजूर करणार? मिस्त्रीच्या समोर बसून मी लेटरहेडवर एकेक काम लिहून घेतलं, आणि महत्त्वाचं म्हणजे माल वेगळा, मजुरी वेगळी.

हे का, ते ऐक. 10 वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर कंपनी 50 टक्के घसारा कापते. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांवरही 50. काचेवर शून्य. मजुरीवर काहीच कापत नाही. रंगकामाचं एकत्र बिल असेल तर त्यातला 25 टक्केच माल धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे शंभरातले साडेबाराच जातात. जुन्या गाडीच्या कामात मजुरीच जास्त असते. ती मालात मिसळून लिहिली की तुझे पैसे गेले. माझं बिल झालं 92 हजार, हातात आले 71 हजारांच्या आसपास. थर्ड पार्टी असती तर शून्य. तीस हजारांची आयडीव्ही असती तर तीस हजार आणि गाडीला हार. काकांचं यावरचं मत आजही हेच की पूर आला म्हणून माझं नशीब उघडलं. नशिबाला पावती लागत नसती तर मीही मान्य केलं असतं.

आता तुझ्या गाडीचं. 1969 ची म्हणजे 50 वर्षांवरची, त्यामुळं तुला कुणीतरी व्हिंटेज नोंदणीचं सुचवणार. 2021 मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांवरची, चेसिस, बॉडी, इंजिन मूळचं असलेली गाडी त्यात बसते. नवीन नोंदणीची फी 20 हजार, मुदत 10 वर्षं. 2022 च्या दरपत्रकात अशा गाडीला थर्ड पार्टी प्रीमियम निम्मा केला. ऐकायला भारी. त्याच दरांनी हिशेब कर: 1000 ते 1500 सीसीचा थर्ड पार्टी 3416 रुपये, निम्मे वाचले 1708, दहा वर्षांत 17080, जीएसटी बाजूला ठेवून. फी 20 हजार. वर गाडी फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरती बाहेर काढायची. रविवारी बायकोला, किंवा अजून झाली नसेल तर आईला घेऊन जोतिबाला जायचं म्हटलं तर नियमात बसत नाही. माझं मत विचारशील तर नाद सोड.

विम्याच्या जुन्या दरपत्रकातला 'व्हिंटेज' हा तर आणखी वेगळा प्राणी. तिथं 31 डिसेंबर 1940 च्या आधी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियानं प्रमाणित केलेली गाडी लागते. तिला ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियममध्ये 25 टक्के सूट आणि अमेरिकेसारखी ठरवून घेतलेली किंमत, घसारा न कापता. दसऱ्याला दसरा चौकात सोनं लुटायला छत्रपती घराण्याची मेबॅक येते, तसल्या गाड्यांसाठी ते. तू आणि मी त्यात नाही. ऑटोमोबाइल असोसिएशनच्या सभासदाला सूट आहे, पण ती 200 रुपयांच्या वर जात नाही. तेवढ्यासाठी धावू नको.

तुझ्यासाठी साधी पॅकेज पॉलिसीच बरोबर. ऑनलाइन शोधत बसू नको, तिथं पत्रा दाबून बघणारा माणूस नसतो. शाखेत जा, आयडीव्ही दीड-दोन लाखांवर आण. बी झोनचा जुना दर 10 वर्षांवरच्या गाडीला साडेतीन टक्क्यांच्या आतच होता, म्हणजे 2 लाखांना सात हजारांच्या आत, आणि आता कंपन्या त्यावर सूट देतात. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, मागून वेळ घालवू नको, एवढ्या जुन्या गाडीला देत नाहीत. नकार दिला तर ईमेलवर मागून घे. लेखी मागितलं की अर्धे लोक हो म्हणतात, माझ्या पहिल्या साहेबांसारखे अपवाद सोडून. क्लेममध्ये अडवलं तर पुण्यात विमा लोकपाल आहे, फी लागत नाही.

हे सगळं माझ्या एका गाडीवरून आणि एका पुरावरून सांगतोय, हेही लक्षात ठेव. तुझी गाडी पोत्याखाली वीस वर्षं उभी असेल, तळ सडला असेल, तर कुठलाच शहाणा माणूस 2 लाख लिहिणार नाही, आणि लिहू पण नये. आधी काम करून घे, मग बोलाव. 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी होणारं आरसीचं नूतनीकरण राहिलं असेल तर तेही आधी.

आणि एक तू प्रश्नात लिहिलंच नाहीस: गाडी कुणाच्या नावावर आहे? अजून आजोबांच्याच नावावर असेल आणि आजोबा नसतील, तर वरचं सगळं बाजूला ठेव. विमाधारक गेल्यावर त्याची पॉलिसी जास्तीत जास्त तीन महिने चालते, त्याआधी मुदत संपली तर तेवढीही नाही. 15 लाखांचा मालक-चालक अपघात विमा तर ज्याच्या नावावर गाडी, त्याचाच. आरटीओत फॉर्म 31 भर, मृत्यूचा दाखला लाव आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत घे. घरात काका असतील तर त्यांची सही आधी घेऊन टाक, फुल इन्शुरन्सचा विषय त्यानंतर काढ.