शहरात घडणारी, हळूहळू चढत जाणारी भयकादंबरी कोणती वाचावी?

तुमची अट अशी आहे: रक्तपात नको, पानापानावर दचकवणं नको, पण भीती अंगात मुरत जावी आणि शहर डोळ्यांसमोर उभं राहावं, इंग्रजी पुस्तकही चालेल. मग फ्रिट्झ लायबर यांची ‘अवर लेडी ऑफ डार्कनेस’ वाचा. ही कादंबरी १९७७ साली आली आणि पुढच्या वर्षी तिला वर्ल्ड फँटसी अवॉर्ड मिळालं. आपल्याकडे तिचं नाव क्वचितच कुणाच्या तोंडी येतं, याची मला मनापासून हळहळ वाटते.

फ्रान्झ वेस्टन हा भयकथा लिहिणारा माणूस. बायको मेंदूच्या गाठीने गेली, त्यानंतर बराच काळ तो दारूत बुडालेला होता, आता कुठे सावरलाय. सॅन फ्रान्सिस्कोत गिअरी स्ट्रीटवरच्या ८११ नंबरच्या जुन्या इमारतीत त्याची खोली आहे. तारे बघायचा नाद असल्यामुळे हाताशी दुर्बीण असते. एका सकाळी खिडकीतून बघताना कोरोना हाइट्स या खडकाळ टेकडीवर त्याला एक फिकट तपकिरी आकृती हातवारे करताना दिसते. असेल कुणीतरी, असं म्हणून तो सोडून देतो, पण कुतूहल जात नाही. पुढे तो स्वतः ती टेकडी चढतो, माथ्यावर पोचतो, दुर्बीण लावतो आणि आपली खिडकी शोधू लागतो. खिडकी सापडते. तिच्यातून तीच फिकट तपकिरी आकृती बाहेर वाकलेली असते आणि त्याच्याकडे बघून हात हलवत असते.

यात रहस्य फोडलं असं समजू नका, हे सगळं सुरुवातीच्या भागातच येतं. हा प्रसंग इतका आत का जातो, ते बघण्यासारखं आहे. लख्ख उजेड आहे, अवतीभवती शांतता आहे, धोका तीनेक किलोमीटर लांब आहे. धावून येणारं कुणी नाही. फक्त संध्याकाळी परत त्याच खोलीत झोपायला जायचंय. शिवाय तोवर लायबर यांनी शहर आपल्याला नीट दाखवलेलं असतं. १९७२ साली पूर्ण झालेली ट्रान्सअमेरिका पिरॅमिड ही निमुळती उंच इमारत, १९७३ मध्ये सुरू झालेला जवळपास ३०० मीटर उंचीचा सुट्रो टॉवर हा प्रक्षेपण मनोरा, गच्च्यांवरच्या टाक्या आणि धुराडी, धुकं. या खुणा धरत धरत आपणही फ्रान्झबरोबर खिडकी शोधत असतो, म्हणून ती सापडते तेव्हा पोटात गोळा येतो.

खोलीतलंही एक सांगतो. फ्रान्झच्या पलंगाच्या भिंतीकडच्या अर्ध्या भागावर पुस्तकं आणि मासिकं पसरलेली असतात. तो पसारा हळूहळू आडव्या झोपलेल्या सडपातळ बाईसारखा दिसायला लागलेला असतो. तो तिला लाडाने नाव ठेवतो, रात्री तिच्या शेजारी झोपतो. पहिल्यांदा वाचताना हे एकट्या माणसाचं लोभस वेड वाटतं. लेखकाने ते तिथे उगाच ठेवलेलं नाही, एवढंच म्हणतो.

आपल्या वाचनातलं भूत बहुतेकदा जागेला बांधलेलं असतं: ओसाड वाडा, पिंपळाचा पार, कोकणातली पाणंद. तिथून निघून शहरात आलं की माणूस सुटतो. या कादंबरीत सुटकेची ती वाटच बंद आहे. थिबो द कास्ट्रिस नावाच्या काल्पनिक गूढविद्येच्या जाणकाराचं म्हणणं असं, की मोठ्या शहरांत पोलाद, काँक्रीट, कागद, तेल आणि वीज यांचा जो प्रचंड साठा होतो, त्यातूनच काहीतरी जन्माला येतं. जुना शाप नाही, अतृप्त आत्मा नाही. जिथे आपण सुरक्षित म्हणून राहतो, त्या इमारतींचीच ती पैदास. हा विचार लायबर यांच्या डोक्यात खूप आधीपासून होता. त्यांच्या १९४१ सालच्या ‘स्मोक घोस्ट’ या कथेत ऑफिसातून घरी जाणाऱ्या माणसाला रेल्वेगाडीच्या खिडकीतून गच्चीवर एक काळपट गाठोडं दिसतं, आणि ते दिवसेंदिवस जवळ सरकत येतं.

मधल्या भागात एक पात्र द कास्ट्रिसचा सगळा इतिहास सांगत बसतं. जॅक लंडन, अ‍ॅम्ब्रोज बिअर्स यांसारखे खरे लेखक त्यात येतात, आणि हे प्रकरण लांबतं. पुस्तक हातातून खाली ठेवावंसं वाटलं तर ते इथेच वाटेल. कृपा करून ठेवू नका. शेवटची पानं ज्या जोरावर उभी आहेत तो सगळा इथे साठवलेला आहे.

आणखी एक गोष्ट मला फार भिडते. लायबर यांची पत्नी १९६९ मध्ये गेली, त्यानंतर ते सॅन फ्रान्सिस्कोत आले, दारूशी झगडले आणि याच ८११ गिअरीमध्ये राहिले. त्यामुळे फ्रान्झचं दुःख कुठेच ओढूनताणून आणलेलं वाटत नाही. शेजारची माणसं त्याला जेवायला बोलावतात, त्याच्याशी बुद्धिबळ खेळतात. ती पानं मला भीतीच्या पानांइतकीच आवडतात.

मी तुमच्या जागी असतो तर आधी ‘स्मोक घोस्ट’ वाचली असती, एका बैठकीत होते. मग कादंबरी, शेजारी सॅन फ्रान्सिस्कोचा नकाशा उघडून. गिअरी स्ट्रीट आणि कोरोना हाइट्स दोन्ही तिथे सापडतील.