ड्रॉप घ्यायचा की नाही, ते नंतर ठरवू

प्रश्न: माझी मुलगी नागपुरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तीन सेमिस्टर ८.९ एसजीपीए होता, चौथ्यात ७.६ आला. तेव्हापासून एकेक जर्नल तीन-तीनदा लिहून फाडते, सबमिशनची तारीख निघून जाते. मागच्या आठवड्यात तिच्या हातावर स्वतःच इजा केल्याच्या खुणा दिसल्या. तिला वर्षभराचा ड्रॉप घ्यायला लावू का?
— एक आई, मानेवाडा

ताई,

ड्रॉपचं आज काहीच ठरवू नका. आज संध्याकाळी तिच्याजवळ बसा आणि सरळ बोला: "तुझ्या हातावरच्या खुणा मला दिसल्या. मी रागावलेली नाही. तुला जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. मनात असेल तर बोलायला वाट मिळते.

उत्तर "हो" आलं, किंवा ती नुसती गप्प राहिली, तर तिला एकटं सोडू नका. घरातली औषधं, कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि लगेच मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) अपघात विभागात न्या, रुग्णवाहिकेसाठी १०८. "नाही" म्हणाली तरी याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. मेडिकलमध्ये आणि मिहानच्या एम्समध्ये मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चालू असतो, मराठीतून बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराची माहिती गोपनीय राहते, कॉलेजला कळण्याची भीती नको.

बरीच मुलं जीव द्यायला नव्हे, तर असह्य झालेला ताण क्षणभर उतरावा म्हणून स्वतःला इजा करतात. म्हणून याला नाटक समजू नका. पण हलक्यातही घेऊ नका, कारण असं वारंवार घडलं की आत्महत्येचा धोका वाढतो. "पुन्हा करणार नाहीस अशी शपथ घे" म्हणू नका. शपथ मोडली की ती लपवायला लागते. रोज हात तपासू नका, मोबाइल काढून घेऊ नका. नागपूरच्या उन्हात बाहेर सगळ्याच मुली सनकोट-स्कार्फ घालतात. घरात कूलरपुढेही बाह्या खालीच राहिल्या, तर पुन्हा शांतपणे विचारा.

आता जर्नल फाडण्याबद्दल. हा आळस नाही, आणि शिस्तही नाही. सगळं परिपूर्णच हवं, हा अट्टहास आहे. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या चाळीस हजारांवर विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ मधली याविषयीच्या प्रश्नावलीची उत्तरं करन आणि हिल या संशोधकांनी तपासली. "लोकांना माझ्याकडून परिपूर्णतेचीच अपेक्षा आहे" ही भावना त्यात सर्वात जास्त वाढलेली दिसली. घरात आपण कौतुक म्हणून म्हणतो, "छान! आता पुढच्या वेळी नऊच्या वर." त्या वाक्यातलं "छान" मुलांना ऐकूच येत नाही. "पुढच्या वेळी"चं ते शेपूट तुम्ही आणि बाबा, दोघांनीही कापून टाका.

तिच्यासोबत हिशेब मांडा. सगळ्या सेमिस्टरचे क्रेडिट सारखे धरले आणि उरलेली सात ८.९ ची राहिली, तर एका ७.६ ने शेवटचा सीजीपीए, म्हणजे आठही सेमिस्टरची सरासरी, ८.७४ होतो. ०.१६ चा फरक. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्यांची अट साठ टक्क्यांच्या आसपास असते. त्यापुढे प्रोजेक्ट आणि मुलाखत बघतात. उशिरा दिलेल्या किंवा न दिलेल्या जर्नलचे इंटर्नल गुण मात्र खरंच जातात. नुकसान तिथे होतंय.

उपचार सुरू झाल्यावर एकच सवय धरा: एका प्रॅक्टिकलला ९० मिनिटं, एकदाच लिहायचं, चूक झाली तर एक रेघ मारून पुढे, आणि दुसऱ्या दिवशी सबमिट. पहिले काही दिवस बेचैनी वाढेल. तेव्हा तिच्या खोलीत नुसत्या बसून राहा, वही बघू नका.

दीड-दोन महिन्यांनी डॉक्टरांना विचारूनच ड्रॉपचा विचार करा. तोवर कॉलेजमधून दोन गोष्टी लेखी घ्या: वैद्यकीय कारणाने हजेरीत सवलत मिळते का, आणि सेमिस्टर थांबवलं तर परत रुजू कधी होता येतं. विचारायला तुम्ही एकट्या जाऊ नका; तिची तयारी असेल तर तिलाही सोबत न्या.